सहाव्या नंबरावरचे जावकराव

जावकरावांचा कॅमेरा एक आठवडा माझ्याकडे होता. तो परत घेताना त्यांनी विचारलं, "काही घेतलंस की नाही?" आणि मी म्हणालो, "नाही." ते खोटं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. त्या दोन अक्षरांपायी त्यांची नोकरी गेली, घरातला विश्वास गेला, आणि मी मात्र त्याच खात्यात एकेक पायरी चढत आज अधीक्षकाच्या खुर्चीत बसलो आहे. खात्याचं नाव लिहीत नाही. फोर्टातलं एक सरकारी ऑफिस, एवढं पुरे.

जावकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र ते जावक रजिस्टरात चढवत. मी शेजारच्या टेबलावर आत येणारी पत्रं आवक रजिस्टरात चढवी. त्यामुळे ते जावकराव आणि मी नुसता आवक. त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, मी तेविसाचा, अजून कायमही न झालेला. त्यांचं घराणं गिरगावातलं, पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी केलेलं. माझं लालबागचं, वडील गिरणीत, मूळ कोकणातलं. पण टेबलाला टेबल लागून असलं की माणसं जुळतात.

त्यांची पहिली ओळख सांगायची तर त्यांची पिशवी. शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटलं की हा माणूस घरी न जाता चोरबाजारात जाई. परतताना पिशवीत वर मेथीची जुडी, खाली कॅमेरा. बहुतेक वेळा मोडका. कुणाच्या भिंगाला भेग, कुणाची कळ अडकलेली, घडीच्या कॅमेऱ्याचा भाता उंदरानं कुरतडलेला. त्यांच्या दोन खोल्यांत असे सतरा कॅमेरे होते आणि प्रत्येकाला, तो आधी कुणाकडे असावा या त्यांच्या अंदाजावरून, नाव होतं. 'पारशीणबाई' म्हणजे चंदेरी काठाचा, नाजूक घडीचा. 'पाद्री' काळा, जड, कधीही न बिघडणारा. एकाला ते 'फरारी' म्हणत, कारण त्याच्या पाठीवरचा मालकाचा शिक्का कुणीतरी खरवडून काढला होता.

नव्या भात्याला भोक आहे का ते पाहायला ते डोक्यावरून घोंगडी घेत आणि आत बॅटरी लावून बसत. काकू, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातून विचारी, "दिसली का नवरी?" आतून उत्तर येई, "दिसली. तीन ठिकाणी फाटलीय." मग जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचे तुकडे आणि डिंक घेऊन ते ठिगळं लावत. दाढीच्या ब्रशानं भात्याच्या घड्या झाडत. काकू म्हणायची, "माझ्या साड्यांना एवढी इस्त्री कधी केली नाहीत." त्यावर ते मिशीत हसत.

रविवार आमचा. सकाळी सातला गिरगावात ट्रामच्या थांब्यावर भेटायचं आणि पाय नेतील तिकडे जायचं. कधी घोडपदेवच्या चाळींतून, कधी परळच्या गिरण्यांच्या भिंतीकडेनं, पण जास्त करून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत. बरोबर एकच डबा कॅमेरा, त्यात आठ फोटोंचा रोल. आठ म्हणजे आठ. तो रोल दोन-दोन, तीन-तीन रविवार पुरवायचा. मी घाई केली की म्हणत, "नजरेला पैसे पडत नाहीत. तिला आधी दमव. मग कळ दाब." कोळणींना त्यांची ओळख झाली होती. एक तर लांबूनच ओरडायची, "काय रं मामा, नुस्ता डबाच रोखतंस, म्हावरा कंदी घेशील?" जावकराव टोपी काढून म्हणत, "बाई, पुढच्या खेपेला." बारा महिने पुढची खेप.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या डबा कॅमेऱ्यांना मागे एक छोटी लाल खिडकी असायची. आतल्या रोलवरचा आकडा तिच्यातून दिसे. एक फोटो घेतला की चावी फिरवून पुढचा आकडा खिडकीत आणायचा. नाही आणला तर पुढचा फोटो आधीच्याच फोटोवर बसायचा. कॅमेरा स्वतःहून अडवायचा नाही. बाकीचे लोक फोटो घेतला की लगेच चावी फिरवून मोकळे होत. जावकरावांचं उलटं. घेण्याआधी फिरवायचं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "फिल्म आधीपासून ताणून ठेवली की तिचं पोट सुटतं. आपल्या हेडक्लार्कसारखं. मग फोटो कसा नीट येणार?"

त्यांची आणखी एक रीत होती. धुवायला टाकलेला रोल ते महिना-महिना आणत नसत. "फोटो विसरल्यावर बघावा. लगेच बघितला तर आपण आपलीच पाठ थोपटतो." दादरला पुलाजवळ पेडणेकर नावाच्या एका माणसाचा चिमुकला स्टुडिओ होता, त्याच्याकडे त्यांचे लिफाफे पडून असत.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. लालबाग-परळात रोज काहीतरी निघत होतं. आमच्या चाळीत भिंती घोषणांनी भरल्या होत्या. ऑफिसात मात्र परिपत्रक फिरलं होतं : मोर्चात, सभेत कर्मचारी दिसला तर घरी. ते परिपत्रक मीच आवक केलं होतं आणि त्याच्या प्रती जावकरावांनी जावक. त्यांच्या घरी त्याहून कडक हुकूम होता. काकूच्या धाकट्या भावाला गोळीबारात पायात गोळी लागली होती, तो काठी घेऊन चालायचा. काकूनं नवऱ्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवून घेतला होता. जावकरावांनीच मला सांगितलं. "मी तरी कुठं जाणारा? घोषणा द्यायची म्हटली तर माझा आवाज पहिल्या रांगेतल्या माणसालासुद्धा ऐकू जायचा नाही. पण शपथ ती शपथ."

त्या रविवारी आम्ही मच्छीमार वस्तीत होतो. पाच फोटो झाले होते. एक होडी दुरुस्तीला किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, डांबर फासून काळीकुट्ट. जावकराव तिच्यापुढे उभे राहून तिची लाकडं न्याहाळत होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, वर सकाळचं ऊन. एका हातानं त्यांनी होडीवरून लोंबणारी दोरी धरली होती, डोक्याच्या वर, मूठ आवळून. मी म्हणालो, "जावकराव, हलू नका. तुमचा एक घेतो." त्यांनी स्वतःचा फोटो कधी घेऊ दिला नव्हता. त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे. म्हणाले, "घे बाबा. होडीबरोबर येतोय तर येऊ दे." मी चावी फिरवली, सहा आणला आणि कळ दाबली.

पुढच्या रविवारी त्यांना एका लग्नाला जायचं होतं. परतताना ट्रामच्या थांब्यावर त्यांनी कॅमेरा माझ्या हातात ठेवला. "दोन उरलेत. ते तू घे. पण दमानं." हा माणूस आपला कॅमेरा कुणाच्या हाती देत नाही, हे सबंध ऑफिसला ठाऊक होतं. हेडक्लार्कनं मुलीच्या साखरपुड्याला मागितला होता, त्यालाही नकार मिळाला होता. मला तर तो दिवसभर छातीशी धरून फिरावंसं वाटत होतं.

बुधवारी लालबागेतून मोर्चा निघाला. मी पोट दुखतंय म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आई दारात म्हणाली, "खंय चललंस? सरकारी नोकरी असा तुका, इसारलंस?" मी म्हणालो, "नाक्यावर जाऊन येतंय." पिशवीत कॅमेरा होता. रस्ता माणसांनी असा भरलेला की पलीकडची बाजू दिसत नव्हती. मित्रांनी हाताला धरून ओढलं आणि मी आत शिरलो. ओरडलो. इतकं ओरडलो की घसा बसला. मग एका बंद दुकानाच्या पायरीवर चढलो, कॅमेरा काढला, पोटाशी धरला आणि कळ दाबली. खाली उतरलो तेव्हाही काही ध्यानात आलं नाही. घरी येऊन कॅमेरा पाहिला तर लाल खिडकीत सहा. मी चावी फिरवलीच नव्हती. गर्दी जावकरावांवर बसली होती.

सोमवारी त्यांनी कॅमेरा उलटा करून खिडकी पाहिली. "सहाच? काही घेतलंस की नाही?"

खरं बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, कशाचा घेतलास. पलीकडच्या टेबलावर हेडक्लार्क कान देऊन बसलेला. आणि खिडकीतला सहा माझ्या बाजूनं साक्ष द्यायला तयार होता. मी म्हणालो, "नाही. वेळच झाला नाही."

ते खूश झाले. "शाबास! माझ्याहून कंजूष निघालास."

उरलेले दोन त्यांनी घेतले आणि रोल दादरला टाकला. मी तेव्हाही बोलू शकलो असतो. वाटलं, एक फोटो वाया गेला, एवढंच ना? दोन्ही मिळून काळा डाग येईल, कुणाला काय कळणार?

काळा डाग आला नाही. काळी होडी गर्दीनं भरून निघाली आणि पांढऱ्या कपड्यांतला माणूस तेवढा शाबूत राहिला. ऐन मोर्चात, डोक्यांच्या वर निघालेला, मूठ उगारलेला. दोरी दिसतच नव्हती. फार निरखून पाहिलं तर सदऱ्यातून मागच्या टोप्या पुसट दिसत, पण असं निरखतो कोण? पेडणेकर पक्का चळवळवाला. त्यानं तो फोटो मोठा करून काचेत लावला, वर हार घातला, आणि पोस्टकार्डाएवढ्या प्रती काढून गिऱ्हाइकांना द्यायला लागला. महिनाभर अख्खं दादर त्या काचेसमोरून जात-येत होतं. जावकराव मात्र फोटो विसरायची वाट बघत घरी बसले होते.

मग एके सकाळी माझ्या टेबलावर एक पाकीट आलं. आत ती प्रत आणि चार ओळी. खाली 'आपला एक हितचिंतक'. मी ते पाकीट फाडलं, फोटो पाहिला आणि शेजारी पाहिलं. जावकराव तिकिटं चिकटवत होते. कागद गहाळ करणं मला अवघड नव्हतं. पण कागद आला की त्यावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, साहेबाकडे पाठवायचा, हे हाताला इतकं सवयीचं झालं होतं की मी शिक्का मारला. घाबरून मारला की सवयीनं, हे इतकी वर्षं स्वतःला विचारतोय. नंबर पडला आणि कागद सरकारचा झाला.

चौकशीला मला आवक रजिस्टर घेऊन बोलावलं. कागद अमुक तारखेला आला एवढं दाखवायला. त्यामुळे ते सगळं मी भिंतीशी उभा राहून ऐकलं.

साहेबानं फोटो पुढे सरकवला. "हे तुम्हीच?"

जावकरावांनी चष्मा वर करून फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला. त्यांच्यासारख्याला सगळं कळायला तेवढा वेळ पुष्कळ होता. होडी, दोरी, सहा नंबर, सगळं. "चेहरा माझा आहे, साहेब."

"मोर्चात होता?"

"नाही."

"मग चेहरा तिथं चालत गेला का?"

हेडक्लार्क हसला. जावकराव हसले नाहीत.

"फोटो कुणाच्या कॅमेऱ्यातला?"

"माझ्या."

"कॅमेरा आणखी कुणाच्या हातात गेला होता?"

त्या खोलीत पंखा फिरत होता. मी रजिस्टर छातीशी धरून होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, रजिस्टराच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. एका फोटोवर दुसरा बसलाय, एवढं त्यांनी सांगितलं असतं तरी ते सुटले असते. पण मग दुसरा कुणी घेतला, हे विचारायला साहेब काही विसरला नसता.

"नाही साहेब," ते म्हणाले. "माझा कॅमेरा मी कुणाला देत नाही."

हेडक्लार्कनं मान डोलावली. त्याला अनुभव होताच.

मी काय केलं? रजिस्टर उघडून दाखवलं, तारखेवर बोट ठेवलं आणि बाहेर आलो.

पंधरा दिवसांत हुकूम आला. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. स्वतःच्या बडतर्फीचं पत्र त्यांनी स्वतःच जावक केलं, वळणदार अक्षरात. जिन्यावर मी त्यांना गाठलं. तेच म्हणाले, "चावी फिरवायची राहिली, होय ना?"

"जावकराव, मी आत्ता साहेबाकडे जातो."

"जाऊन काय करशील? मला परत घेतील असं वाटतं तुला? दोघांनाही घालवतील. वडिलांचा दमा कसा आहे?" मग दोन पायऱ्या उतरून थांबले. "घरी मात्र बोलू नकोस. तिला कळलं तर ती उद्याच साहेबाच्या दारात उभी राहील. तू कायम होईस्तोवर तरी बोलू नकोस."

घरी त्यांनी खरं तेच सांगितलं होतं, मी मोर्चाला गेलो नव्हतो. काकूनं फोटो समोर ठेवला. ते म्हणाले, "तरीही गेलो नव्हतो." त्यापुढे सांगण्यासारखं जे होतं ते माझं होतं, आणि ते त्यांनी मला राखून ठेवलं होतं. काकूनं त्या दिवसापासून घोंगडीतल्या नवरीची चौकशी बंद केली. जेवण वाढायची, कपडे धुवायची, कामापुरतं बोलायची.

राज्य झालं त्या वर्षी त्यांच्या चाळीनं त्यांचा सत्कार ठेवला. नोकरीवर पाणी सोडलेला लढवय्या! ते नको नको म्हणत असताना त्यांना खुर्चीत बसवलं, शाल, नारळ, हार. पेडणेकर तो मोठा फोटो फ्रेम करून घेऊन आला होता. लोक ओरडले, "बोला, दोन शब्द बोला!" जावकराव उभे राहिले. हारातून नुसतं तोंड दिसत होतं. म्हणाले, "मी त्यात नव्हतो हो." लोकांना वाटलं विनय. टाळ्या थांबेनात. काकू दाराशी उभी होती, ती आत निघून गेली. मी पहिल्या रांगेत होतो. मीही टाळ्या वाजवल्या.

त्याच वर्षी मी कायम झालो. आमचे रविवार चालूच होते, पण त्यांच्या कॅमेऱ्यात आता रोल नसे. रिकामाच डबा गळ्यात घालून फिरत, थांबत, डोळा बारीक करत, कळ दाबत. एका रविवारी शिवडीच्या बाजूला चालताना त्यांनी सहज विचारलं, "कायम झालास ना रे?"

"झालो."

"बरं झालं."

ते वाट पाहत होते. मला कळत होतं की ते वाट पाहताहेत. आम्ही बरंच अंतर तसेच चाललो. शेवटी मी म्हणालो, "आज ऊन फार आहे, नाही?" त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "हो, आहे खरं."

त्यानंतर माझे रविवार चुकू लागले. आधी बहिणीचं लग्न, मग माझं, मग मुलं, मग खात्याच्या परीक्षा. खरं कारण एकच. त्या माणसाच्या शेजारून चालणं मला जमत नव्हतं. त्यांनी कधी निरोप पाठवला नाही. दोन-चार वर्षांनी कुठं भेटले तर पिशवी उघडून नवा कॅमेरा दाखवत, त्याचं नाव सांगत, आणि मुलांची चौकशी करत. सतराचे सव्वीस झाले होते.

ते गेल्याचं मला ऑफिसातच कळलं. तिसऱ्या दिवशी मी गिरगावात गेलो. काकू खिडकीशी बसली होती. चहा दिला. इकडचं तिकडचं झालं. मग ती आपणहून म्हणाली, "तुझ्यावर जीव होता त्यांचा, म्हणून तुला सांगते. मोर्चाला गेले त्याचा राग नव्हता रे मला. माझाच भाऊ गेला होता की. पण माझ्या गळ्याची शपथ मोडून गेले, आणि विचारलं तर तोंडावर 'नाही गेलो' म्हणाले. परवा शुद्ध होती तोवर तेच. एकदा 'चुकलो' म्हणाले असते ना, तर मी त्याच घटकेला सोडून दिलं असतं. तेवढं काही म्हणाले नाहीत."

मी "हो" म्हणालो. कशाला हो म्हणालो, माहीत नाही. चहा संपवला, चपला घातल्या आणि जिना उतरलो.

याला चार वर्षं झाली. काकू अजून त्याच खोलीत राहते. तिला नीट ऐकू येतं, समजतं, आणि लालबागेहून गिरगावात जायला मला अर्धा तास लागतो. जावकराव तिच्याशी खोटं बोलले नव्हते. ते मोर्चाला गेले नव्हते. मी गेलो होतो, आणि तो फोटो मी काढला होता. हे तिच्या समोर बसून तोंडानं सांगायचं मी त्यांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.